माझी कोठारे, माझे धान्य, माझा जीव

दोन_दमड्या

गेले काही आठवडे एक वाक्य माझी पाठ सोडत नाहीये, म्हणून हा धागा काढतेय. वाक्य माझंच आहे: "मी तुमच्यासाठी प्रार्थना करते."

पूर्वी माझ्याबरोबर काम केलेल्या एका बाईंचा फोन आला होता. नवऱ्याचं आजारपण लांबलेलं, घरभाडं थकलेलं. किती हवेत ते त्यांनी सांगितलं, सहा महिन्यांत फेडीन म्हणाल्या. माझ्या खात्यात त्याच्या कितीतरी पट पैसे होते. ते कशासाठी ठेवलेत असं कुणी विचारलं असतं तर मला नीट सांगता आलं नसतं. असावेत म्हणून होते. मी म्हटलं, "सध्या जरा अवघड आहे हो. पण मी तुमच्यासाठी प्रार्थना करते." आणि त्या रात्री मी ती खरोखर केली. मला सर्वांत जास्त सलतंय ते हेच. खोटं बोलून देवासमोर गुडघे टेकले आणि शांत झोपले.

पुढच्याच रविवारी उपासनेत याकोबाच्या पत्राचं वाचन होतं, अध्याय २, वचनं १५ आणि १६. भाऊ किंवा बहीण उघडी आहे, रोजच्या अन्नाला महाग आहे, आणि तुमच्यातला कुणी त्यांना म्हणतो, सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा. पण शरीराला जे लागतं ते देत नाही, तर त्याचा काय उपयोग? मी मान वर करू शकले नाही.

घरी येऊन लूक १२ उघडलं, श्रीमंत मूर्खाचा दाखला. अमाप पीक आल्यावर जुनी कोठारे पाडून मोठी बांधायचं ठरवणारा तो माणूस. लहानपणापासून ऐकलेला. या वेळी पेन्सिल घेऊन बसले आणि तो माणूस 'माझं' किती वेळा म्हणतो त्याखाली रेघा मारत गेले. माझं पीक, माझी कोठारे, माझा माल, आणि शेवटी माझा जीव. या माणसाने चोरी केलेली नाही, कुणाला फसवलेलं नाही. जमीन चांगली पिकली, इतकंच. पण गोष्टीत त्याच्याशिवाय दुसरा माणूसच नाही. बायको नाही, शेजारी नाही, ज्यांनी ते पीक कापलं ते मजूरही नाहीत. सल्ला मागतो तोही स्वतःलाच: "हे जिवा, विसावा घे, खा, पी." पहिल्यांदा कुणी दुसरं बोलतं तो देव, आणि तो म्हणतो, आज रात्री तुझा जीव मागितला जाईल. मूळ ग्रीकमध्ये तिथे जे क्रियापद आहे ते उसनं दिलेलं परत मागण्यासाठीही वापरतात, हे कळल्यावर मी बराच वेळ तशीच बसून राहिले.

प्रभूने हा दाखला सांगितला कुणाला, हेही पाहा. वचन १३. एक जण येऊन म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला सांगा, वतनाचा माझा वाटा मला दे म्हणून. कदाचित हक्काचंच मागत होता बिचारा.

मला विचारायचंय ते असं. शिल्लक ठेवणं आणि स्वार्थ यांत रेघ कुठे? किती साठलं म्हणजे त्याचं कोठार झालं? तुम्ही स्वतःपुरतं हे कसं ठरवता, ते ऐकायचंय. उपदेशही चालेल, पण अनुभव असेल तर आधी तो लिहा.

अंजिराखाली

ताई, मनापासून लिहिलंत. पण स्वतःला इतकं फटकारू नका. १ तीमथ्य ५:८ पण पवित्र शास्त्रातच आहे: जो स्वकीयांची, विशेषतः घरच्यांची तरतूद करत नाही, त्याने विश्वास नाकारला आहे. मला दोन मुलं आहेत, वडील माझ्याकडे असतात. मी साठवतो आणि त्यात मला पाप वाटत नाही. दुष्काळ येणार हे फारो राजाच्या स्वप्नातून कळल्यावर योसेफाने सात वर्षं धान्य साठवलं म्हणून तर मिसर देश जगला. कोठार बांधणं हा गुन्हा असता तर देवाने फारोला ते स्वप्न कशाला दाखवलं असतं?

आणि श्रीमंताने देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंटाने सुईच्या नाकातून जाणं सोपं, या प्रभूच्या वचनाबद्दल म्हणाल, तर यरुशलेमेत त्या नावाचा एक बुटका दरवाजा होता. उंटाचं ओझं उतरवून त्याला गुडघ्यांवर बसवलं की तो आत जायचा. म्हणजे श्रीमंतालाही वाट आहे, नम्र व्हायला हवं.

वाटसरू

दरवाज्याची ती गोष्ट मीही अनेक प्रवचनांत ऐकली आहे, पण अशा दरवाज्याचा काही पुरावा नाही. हे स्पष्टीकरण येशूनंतर कित्येक शतकांनी, मध्ययुगात पुढे आलं. तालमूद या यहुदी धर्मग्रंथातही अशक्य गोष्टीसाठी सुईच्या नाकातून हत्ती जाण्याची उपमा आहे. प्रभूला अशक्यच म्हणायचं होतं. शिष्यही तसंच समजले, म्हणून तर त्यांनी विचारलं, "मग कोणाचं तारण होईल?" आणि उत्तर मिळालं, माणसांना हे अशक्य आहे, देवाला नाही. दरवाजा बांधला की हे उत्तरच हातचं जातं.

योसेफाबद्दल: उत्पत्ती ४७ पुढे वाचून पाहा. दुष्काळात ते धान्य लोकांना विकत दिलं गेलं. आधी त्यांचा पैसा संपला, मग गुरंढोरं गेली, मग जमिनी, आणि शेवटी ते स्वतः फारोचे दास झाले. योसेफाने जीव वाचवले हे खरंच, लोक स्वतःच तसं म्हणतात. पण ती कोठारे शेवटी कुणाच्या मालकीची राहिली हा प्रश्न शास्त्राने झाकून ठेवलेला नाही.

अंजिराखाली

४७ वा अध्याय या नजरेने वाचला नव्हता. मान्य. घरच्यांबद्दलचं माझं म्हणणं मात्र कायम आहे.

ओमरभर

घरच्यांबद्दलचं म्हणणं कायमच राहू दे दादा, ते बरोबरच आहे. 'किती' या प्रश्नावर मला सर्वांत जास्त मदत निर्गम १६ ने केली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इस्राएल लोकांसाठी रानात मान्ना, म्हणजे आकाशातून मिळणारं अन्न, पडायला लागल्यावर आज्ञा होती, माणशी एक ओमर (एक माप). कुणी जास्त गोळा केलं, कुणी कमी. मापून पाहिलं तर ज्याने जास्त घेतलं त्याचं उरलं नाही आणि ज्याने कमी घेतलं त्याला कमी पडलं नाही. काहींनी सकाळपर्यंत ठेवून दिलं, त्यात किडे पडले आणि घाण सुटली. इथवर सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच अध्यायात पुढे शब्बाथाच्या, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायला सांगितलं आहे, आणि ते रात्रभर राहूनही नासत नाही. शिवाय एक ओमर भांड्यात भरून पुढच्या पिढ्यांना दाखवण्यासाठी राखून ठेवला जातो. म्हणजे ठेवलेलं नासतंच असं नाही. उद्या देव देईल की नाही या धास्तीने ठेवलेलं नासलं. विसाव्यासाठी आणि मुलाबाळांना दाखवण्यासाठी ठेवलेलं टिकलं.

मी माझ्या पैशांवर हे लावून पाहते. हे कशासाठी ठेवलंय याचं एका वाक्यात उत्तर देता आलं, तर तो शुक्रवारचा ओमर. दोन_दमड्या ताई, तुम्ही लिहिलंत ना, 'असावेत म्हणून होते'? तिथे मी थबकले, कारण माझ्याकडेही असा एक ढीग आहे.

प्रेषित पौलाने नेमकं मान्नाचं हेच वचन २ करिंथ ८ मध्ये काढलं आहे. यरुशलेमेतल्या गरीब पवित्र जनांसाठी तो वर्गणी जमवत होता. करिंथकरांना तो म्हणतो, दुसऱ्यांना चैन आणि तुम्हाला ओढाताण असं मला नको, समानता असावी; सध्या तुमच्या विपुलतेतून त्यांची गरज भागावी, म्हणजे पुढे त्यांच्या विपुलतेतून तुमचीही भागेल. पौलाला देणाऱ्याने उपाशी राहायला नको आहे. पण आज आपल्याकडे आहे म्हणजे उद्या आपण मागणारे नसू, असंही तो धरून चालत नाही.

अठराव्या शतकातला इंग्लिश धर्मोपदेशक जॉन वेस्ली याने एका प्रवचनात ऑक्सफर्डच्या एका तरुणाचा हिशोब दिला आहे. तो तरुण म्हणजे वेस्ली स्वतःच, असं मानलं जातं. पहिल्या वर्षी मिळकत ३० पौंड, २८ मध्ये भागवलं, २ दिले. पुढच्या वर्षी ६० मिळाले, तरी २८ मध्येच भागवलं आणि ३२ दिले. मग ९० मिळाले तेव्हा ६२ दिले, १२० मिळाले तेव्हा ९२. मिळकत चौपट झाली, खर्चाचा आकडा हलला नाही. मला हे जमत नाही, हे कबूल करते. पण पगार वाढला की आपली गरज आपोआप वाढते आणि ती वाढ आपल्याला गरजच वाटते, हे मला या हिशोबानेच दाखवलं.

नवा_वाचक_७

+१. वाचतोय. ओमरभर, धन्यवाद.

वाटसरू

लूक १२ वरच बासिलचं एक प्रवचन आहे. कप्पदुकियातल्या कैसरियाचा बासिल, चौथं शतक. ३६८-६९ च्या सुमारास तिथे भीषण दुष्काळ पडला होता. श्रीमंतांची कोठारे भरलेली होती, भाव चढायची वाट पाहत ती बंद होती. बासिल तेव्हा बिशप झाला नव्हता. त्याने हा दाखला त्या लोकांच्या तोंडावर वाचला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: तू राखून ठेवलेली भाकर भुकेल्याची आहे, पेटीतला अंगरखा उघड्याचा आहे, तुझ्याकडे कुजणारे जोडे अनवाणी माणसाचे आहेत. जितक्यांना तू देऊ शकत होतास, तितक्यांवर तू अन्याय करतो आहेस.

त्याच प्रवचनात नाटकगृहाचं उदाहरण आहे. एक जण आधी येऊन जागा धरतो आणि मग बाकीच्यांना आतच येऊ देत नाही. सगळ्यांसाठी असलेली गोष्ट आपण आधी आलो एवढ्यावर आपली म्हणतो. श्रीमंतांचं तसंच आहे, असं बासिल म्हणतो. मला ही उपमा भाकरीच्या वाक्यापेक्षा जास्त बोचते, कारण मी आधी आलेल्यांपैकी आहे. माझ्या आईवडिलांनी मला शिकवलं, म्हणून माझी जागा पुढची.

बासिल बोलून थांबला नाही. त्याने लोकांना कोठारे उघडायला लावली, भुकेल्यांना स्वतः वाढलं. पुढे शहराबाहेर आजाऱ्यांसाठी, कुष्ठरोग्यांसाठी आणि वाटसरूंसाठी मोठी वसाहत उभारली. त्याचा मित्र ग्रेगरी तिला नवं शहर म्हणतो.

दुसरी बाजूही सांगतो. अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट याच्या सव्वाशेहून अधिक वर्षं आधी म्हणून गेला की सगळ्यांनीच सगळं टाकून दिलं तर भुकेल्याला जेवायला कोण घालणार? टाकायची ती मनातली आसक्ती. हे मला पटतं. पण जेव्हा जेव्हा मी क्लेमेंटचा आधार घेतो, तेव्हा माझ्या घरातून काहीच बाहेर गेलेलं नसतं. म्हणून मी त्याच्यापासून जरा जपून असतो.

परका_पाहुणा

मी ख्रिस्ती नाही, पण धागा आवडीने वाचतोय. एक प्रामाणिक शंका आहे, टोमणा समजू नका. तुमच्या ग्रंथात 'स्वर्गात संपत्ती साठवा' असं म्हटलं आहे ना? मग इथे द्यायचं ते तिथे मिळावं म्हणून. हाही स्वार्थच नाही का, फक्त लांब मुदतीचा?

ओमरभर

टोमणा मुळीच वाटला नाही. ही शंका आम्हालाही पडायला हवी.

मत्तय २५ मध्ये शेवटच्या न्यायाचं वर्णन आहे. राजा उजवीकडच्यांना म्हणतो, मी भुकेला होतो, तुम्ही मला खायला दिलंत. ते चकित होतात: "प्रभू, तुला भुकेलेला कधी पाहिलं?" त्यांना पत्ताच नव्हता. प्रतिफळाचा हिशोब ठेवून दिलं असतं तर ही चकित होण्याची वेळ आली नसती. त्यांनी भुकेला माणूस पाहिला, बस्स. डावीकडचेही नेमकं हेच विचारतात, कधी पाहिलं? आणि त्यांच्यावर ठपका आहे तो फक्त न केलेल्या गोष्टींचा. मारलं, लुटलं, असं काहीही त्यात नाही.

जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने पापाचं वर्णन करताना म्हटलं आहे की माणूस स्वतःतच वळलेला असतो, इतका, की तो देवालाही स्वतःसाठी वापरतो. तुमची शंका नेमकी तिथे बोट ठेवते. स्वर्गासाठी दान करणारा माणूस असा वळलेला असू शकतो. म्हणून मला श्रीमंत जकातदार जक्कय महत्त्वाचा वाटतो (लूक १९). येशू त्याच्या घरी राहायला निघाला, तेव्हा जक्कयाने एक दमडीही दिलेली नव्हती. लोक कुरकुरत होते, आणि पाहुणा तरीही गेला. मग जक्कय उभा राहून म्हणतो, अर्धं गरिबांना देतो. मिळवण्यासारखं काही उरलंच नव्हतं, आधीच मिळालं होतं.

परका_पाहुणा

समजलं. चकित होण्याचा मुद्दा विशेष.

मजुरीचा_दिवस

जक्कयाचा विषय निघाला म्हणून लिहितो. तो दोन गोष्टी बोलतो आणि प्रवचनांत त्यांचा एकच गोळा करतात. अर्धी मालमत्ता गरिबांना, हे दान. पण ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट, हे दान नाही, ते देणं आहे. मेंढरू चोरून कापलं किंवा विकलं तर चार मेंढरं भरून द्यावीत, असं निर्गम २२ मध्ये आहे. जक्कय स्वतःवर चोराचा नियम लावून घेतो.

इथे सगळी चर्चा दानावर चालली आहे. मला देणं फेडण्यावर बोलायचंय. लेवीय १९:१३: मजुराची मजुरी रात्रभर सकाळपर्यंत आपल्याजवळ ठेवू नकोस. अनुवाद २४:१५: सूर्य मावळायच्या आत दे, कारण तो गरीब आहे आणि त्याचं मन तिच्यावर लागलेलं असतं. याकोब ५:४ मध्ये तर अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते. मंडळीत ज्यांच्या दानार्पणाचं कौतुक होतं, त्यांच्याच हाताखालच्या माणसाला वेळेवर पैसे मिळत नाहीत, हे मी जवळून पाहिलंय. त्या हाताखालच्या माणसाच्या घरात मी वाढलो. वडील महिना उलटला तरी "मागायला बरं दिसत नाही" म्हणायचे.

१८९१ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी कामगारांच्या प्रश्नावर परिपत्रक काढलं, त्यात मालकाने योग्य मजुरी देणं हा न्यायाचा भाग मानला आहे. न्यायाचं देणं थकवून दया वाटत फिरणं देवाला चालत नाही. आमोस संदेष्ट्याचं पुस्तक वाचा. यशया ५८ वाचा.

अंजिराखाली

हे वाचून मी आत्ता उठून एका माणसाचे राहिलेले पैसे पाठवले. दहा दिवस झाले होते. कारण काहीच नव्हतं, राहून गेलं होतं.

दाराशी

मी इथे फक्त वाचत असतो. पण मूळ लेखात फोन करणाऱ्या बाईंच्या जागी मी होतो, काही वर्षांपूर्वी, म्हणून लिहावंसं वाटलं.

मागण्याआधी माणूस यादी करतो. कुणाला विचारता येईल, कुणाला नाही. यादीतलं प्रत्येक नाव म्हणजे एक नातं, जे आता बदलणार असतं. मी सात जणांना विचारलं. एकाने काही न विचारता पैसे दिले. एकीने स्पष्ट सांगितलं, मला जमणार नाही, पण तुझ्या मुलीला संध्याकाळी आमच्याकडे सोडत जा. तिचा नकार मला आजही लागत नाही. लागले ते बाकीचे. त्यांनी नाही म्हटलं म्हणून नव्हे. त्यानंतर ते समोर आले की दुसरीकडे बघायला लागले. जणू मीच काही केलं होतं.

लूक १६ मधला भिकारी लाजर श्रीमंताच्या दाराशी पडलेला असतो. येशूच्या सगळ्या दाखल्यांत नाव असलेला तो एकटा सामान्य माणूस आहे. श्रीमंताला नाव नाही. मी आधी समजायचो की श्रीमंताला तो दिसलाच नव्हता. पण मेल्यावर यातनेत पडलेला श्रीमंत काय म्हणतो पाहा: "बापा अब्राहामा, लाजराला पाठव." त्याला नाव माहीत होतं! रोज ओलांडून जाताना त्याला माहीत होतं, तो कोण आहे. आणि अजूनही तो लाजराशी बोलत नाही, अब्राहामाकडून त्याला कामाला लावू पाहतो, आधी पाणी आणायला, मग भावांकडे निरोप घेऊन जायला. दाखल्यात मेल्यावर दोघांच्या मधे जी मोठी दरी आहे, ती मरणानंतर पडली असं मला वाटत नाही. ती दाराशीच पडली होती.

ताई, तुम्ही त्यांना पुन्हा फोन केलात का?

दोन_दमड्या

दाराशी, तुमचा प्रश्न वाचून दोन दिवस इथे आलेच नाही.

सगळ्यांची उत्तरं वाचली. अनुवाद १५ मधलं एक वचन सापडलं, ते आधी लिहिते. दर सातव्या वर्षी कर्ज माफ करायचा नियम होता. वचन ९ म्हणतं, सातवं वर्ष जवळ आलंय असा नीच विचार मनात आणून गरीब भावाकडे वाकड्या नजरेने पाहू नकोस. आता दिलं तर बुडालंच, हा विचार माणूस करणार हे नियमशास्त्राला आधीच ठाऊक होतं. आणि मागणाऱ्याकडे पाहायची नजर कशी होते तेही! 'गरीब नेहमी तुमच्याजवळ आहेत' हे वाक्य आपण हात झटकायला वापरतो, पण ते इथूनच, वचन ११ मधून आलंय, आणि तिथे पुढचे शब्द आहेत, 'म्हणून आपला हात सढळ ठेव.'

फोन केला. आधी खरं सांगितलं, की तेव्हा पैसे होते आणि मी नाही म्हटलं होतं. त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला वाटलंच होतं." रागाने नाही. मी पैसे द्यायची तयारी दाखवली. त्या म्हणाल्या, आता भाड्याचं जमलं, आम्ही लहान जागेत आलो. मला वाटलं, संपलं, उशीर झाला. फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "तुम्हाला दुपारी वेळ असतो का? ह्यांच्याजवळ कुणी बसलं तर मला अर्ध्या दिवसाचं काम मिळतंय."

माझी पहिली प्रतिक्रिया लिहिते, कारण मी इथे खरं लिहायचं ठरवलंय. मनात आलं, पैसे दिले असते तर सोपं होतं. दुपारचे तीन तास माझे असतात. कोठारात आणखी काय काय आहे ते तेव्हा दिसलं.

गुरुवारी पहिल्यांदा गेले. ते फार बोलत नाहीत, बोलल्याने दम लागतो. मी खुर्चीवर बसून होते. ते झोपले की काय करावं कळत नव्हतं, मोबाइल काढायला लाज वाटत होती. सोमवारी परत जायचंय. कुणी आजाऱ्याजवळ असं बसलं असेल तर सांगा.

दाराशी

काही करू नका. पाणी त्यांच्या हाताला येईल असं ठेवा. खुर्ची अशी लावा की डोळे उघडले की तुम्ही दिसाल. वहिनींनी कितीला येणार ते सांगितलं असेल, ती वेळ त्यांना सांगून ठेवा, आजारी माणूस घड्याळ फार बघतो. आणि विणकाम येत असेल तर घेऊन जा. माझ्या आईजवळ बसायला येणाऱ्या बाई विणायच्या. आई म्हणायची, सुयांचा आवाज आला की कळतं, कुणीतरी आहे.